वितळणारा पुरावा

फेब्रुवारी उलटत आला की वऱ्हाडातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका ठरावीक फोटोची वेळ होते. डांबरी रस्ता दिसेनासा झालेला, त्याच्या जागी पांढरा थर, कडेला एसटीचा थांबा आणि खाली ओळ : हे काश्मीर नव्हे, आपलं मेळघाट. कधी मेळघाटाच्या जागी पातूर असतं, कधी चांदूरबाजार. पुण्या-मुंबईला गेलेले नातेवाईक त्यावर लाल बदाम पाठवतात. ज्याच्या वावरात ते सगळं पडलं, तो त्या वेळी हरभऱ्याच्या सुडीवरून उडालेली ताडपत्री शोधत धुऱ्याधुऱ्यानं फिरत असतो.

वऱ्हाडात बर्फवृष्टी होत नाही, होण्यासारखी परिस्थितीही जुळत नाही. हिम जमिनीपर्यंत न वितळता यायचं तर खालची हवा शून्याच्या आसपास हवी आणि वर ओले ढगही हवेत. इथे या दोघांची गाठ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, अमरावतीचं किमान तापमान दहाच्या खाली जातं, पण आभाळ निरभ्र असतं. ढग आले की तेच पांघरूण होतं आणि थंडी पळते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर एखाद्या पहाटे दव गोठतं, चिखलदऱ्याच्या पठारावरही कडाक्याच्या रात्री गवत पांढरं दिसतं. ते हिमकण, जागच्या जागी धरलेले, आभाळातून न पडलेले. आभाळातून पडून साचणारा, घमेल्यानं उपसावा लागणारा बर्फ वऱ्हाडाला माहीत आहे तो एकच, गारेचा. आणि तो सहसा ऐन थंडीत येत नाही. पारा ३४-३५च्या घरात गेलेला, कूलरची जाळी बदलायची बोलणी घरात सुरू झालेली, अशा दुपारी तो येतो.

नकाशावर पाहिलं तर वऱ्हाड ही पूर्णा नदीची काळी, सपाट खोलगट जमीन आहे. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. जुने लोक उत्तरेचा मेळघाट, मधला सपाट पायनघाट आणि दक्षिणेचा बालाघाट असे वऱ्हाडाचे तीन भाग करतात. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरसुद्धा उंच नाही, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पायनघाटाची काळी माती दुपारभर तापते आणि हवा वर उठायला लागते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून, कधी अरबी समुद्रावरून, ओल आत येते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ म्हणजे हिमालयात बर्फ पाडणारी तीच प्रणाली सरकत असते आणि तिच्यामागची थंड हवा वरच्या थरात पसरलेली असते. खाली गरम आणि ओली, वर थंड आणि कोरडी. एवढं जमलं की तीन-चार तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

त्या ढगात पाणी शून्याखाली जाऊनही लगेच गोठत नाही. एखाद्या बर्फकणाला ते चिकटतं, गोठतं. वर जाणारा वारा त्या कणाला खाली पडू देत नाही आणि तो वाढत राहतो. वाऱ्याला पेलवेनासा झाला की सुटतो. गार सुरीनं मधोमध कापली तर हा सगळा प्रवास दिसतो. मध्ये दुधी ठिपका, त्याभोवती काचेसारखं पारदर्शक कडं, पुन्हा दुधी, पुन्हा पारदर्शक. पाणी झपाट्यानं गोठलं तिथे हवेचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून दुधी. सावकाश गोठलं तिथे बुडबुडे निसटले, म्हणून नितळ. कापायचं काम मात्र दोन-तीन मिनिटांत उरकावं लागतं.

पावसाळ्यात तर ढग रोजचेच असतात, मग तेव्हा गारा का पडत नाहीत? कारण जुलैत शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर गेलेली असते. तिथून निघालेली गार दमट, उबदार हवेतून एवढं अंतर येईपर्यंत पाणी होऊन जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हीच पातळी बरीच खाली, चारेक किलोमीटरवर असते. चिखलदऱ्यासारख्या उंच ठिकाणी तर आणखी एक किलोमीटर वाचतो. म्हणून डोंगरात थर साचतो आणि टिकतोही. उतारावरून वाहणारं पाणी गारांना ढकलत नेतं आणि घाटरस्त्याच्या वळणावर, नालीच्या तोंडाशी, कुंपणाच्या पायथ्याला त्यांचा ढीग लावतं. सागाची वाळलेली पानं त्यात मिसळली की वरचा थर आतल्याला उन्हापासून राखतो, आणि सकाळी वासरं त्या ढिगाला हुंगून मागे सरतात. साचण्याची हद्द पाहायची तर मेक्सिकोतलं ग्वादलाहारा आठवावं : ३० जून २०१९ला तिथल्या काही रस्त्यांवर दीड मीटरपर्यंत गारांचा थर होता, मोटारी त्यात रुतून बसल्या होत्या. तेही ऐन उन्हाळ्यात.

वऱ्हाडात गारेची मापं धान्याची आणि फळांची असतात. ज्वारीएवढी पडली तर कोणी दखल घेत नाही, लेकरं अंगणात नाचून घेतात. हरभऱ्याएवढी असली तर म्हातारी माणसं आभाळाकडे पाहतात. बोराएवढीपासून नुकसान मोजायला सुरुवात होते. आवळ्याएवढी, लिंबाएवढी म्हटलं की समोरचा पुढचं विचारत नाही. हे माप भोंगळ वाटलं तरी त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. गारेचा व्यास वाढला की वजन घनाच्या हिशेबानं वाढतं आणि पडण्याचा वेगही वाढतो. अडीच ते साडेचार सेंटिमीटरची, म्हणजे लिंबाच्या मापाची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं येते. त्यात वाऱ्याची तिरकस ढकल धरलेली नाही. जगातली आतापर्यंत नोंदली गेलेली सर्वांत जड गार आपल्याच शेजारी पडली. बांगलादेशात गोपालगंजला, १४ एप्रिल १९८६ रोजी, वजन १.०२ किलो. आणि गारांनी सर्वाधिक माणसं मारली तीही उपखंडातच. ३० एप्रिल १८८८ला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळच्या गारपिटीत २४६ जण दगावले. जागतिक हवामान संघटनेनं हा विक्रम अधिकृत मानला आहे.

तरीही शेतकऱ्याला विचारलं तर आकारापेक्षा तारीख महत्त्वाची. ७ नोव्हेंबर २०१९ला काश्मीर खोऱ्यात बर्फ पडला, तो काही अभूतपूर्व जाड नव्हता. पण सफरचंदाच्या झाडांवर पानं अजून होती. पानांनी बर्फ धरला, फांद्यांना भार सोसेना आणि अनेक वर्षं वाढवलेली झाडं मधोमध फाटली. तोच बर्फ जानेवारीत पडता तर उघड्या फांद्यांतून खाली सांडला असता. वऱ्हाडाचा हिशेब तसाच. बोराएवढी गार मे महिन्यात नांगरलेल्या वावरात पडली तर ढेकळं भिजतात, एवढंच. तीच गार फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पडते तेव्हा गहू ओंबीत असतो, हरभरा वाळून घाटे कडकडत असतात किंवा सोंगून सुडीला लागलेला असतो, कांद्याचं बी गोंड्यात भरत असतं. वाळलेल्या घाट्याला गारेचा टोला बसला की तो फुटतो आणि दाणा मातीत जातो. दोन दिवस ओल राहिली की त्याच जागी हिरवे कोंब दिसतात. गहू आडवा झाला तर काही हाती येतो, पण दाण्याची चमक जाते आणि बाजार समितीत व्यापाऱ्याला मूठभर गहू तळहातावर घेऊन भाव पाडायला तेवढं कारण पुरतं.

संत्र्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नाव नागपूरचं, पण त्या संत्र्याचा मोठा मुलूख अमरावती जिल्ह्यात आहे : वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी. इथे दोन बहर धरले जातात. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडलं जातं. मृगाची फुलं पावसाच्या तोंडावर येतात आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतं. म्हणजे गारपिटीच्या नेमक्या दिवसांत एकाच शिवारात एका बागेतलं फळ तोडणीला आलेलं असतं आणि शेजारच्या बागेत वाटाण्याएवढ्या गुंड्या लागलेल्या असतात. एक ढग यंदाचं आणि पुढच्या दिवाळीचं, दोन्ही पीक पंधरा मिनिटांत झोडून जातो.

पिकलेल्या संत्र्याला गार लागते तेव्हा पहिल्या दिवशी फारसं दिसत नाही. सालीवर नखानं दाबल्यासारखा खळगा, इतकंच. सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग उमटतो, मग बुरशी शिरते, आणि आठवड्याच्या आत फळ देठापासून सुटून झाडाखाली सडा पडतो. न गळलेलं फळ दिल्ली-कोलकात्याच्या गाडीत चढत नाही, वाटेतच नासेल म्हणून. बागा बहुधा आधीच व्यापाऱ्याला उक्त्या दिलेल्या असतात, इसार हातात पडलेला असतो. गारेनंतर व्यापारी बागेत येतो, दोन ओळी फिरतो आणि एक तर निम्मा भाव सांगतो, नाही तर इसार सोडून निघून जातो. त्याचा दोष काढून उपयोग नाही, त्यालाही पुढे माल विकायचाच असतो. शेतकऱ्याच्या गळ्यात मात्र दुहेरी काम पडतं. मोडलेल्या फांद्या छाटायच्या, कापावर बोर्डो मलम लावायचं, कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करायची. नाही केली तर सालीच्या जखमेतून डिंक्या येतो आणि झाडच बसतं. पीक गेल्यावर त्या पिकाच्या झाडावर नव्यानं खर्च करायचा, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड जातं.

अकोल्याच्या बाजूला बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी प्रसिद्ध. लिंबाला भाव मिळतो तो उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात येणारं फळ झाडावर असतानाच गार येते. अकोटकडे केळीची पानं चिंध्या होतात, घडाला ऊन लागतं. अंजनगावच्या पानमळ्यांत पानाला एक भोक पडलं तरी ते विड्याच्या कामाचं राहत नाही.

डोंगर चढून मेळघाटात गेलं की नुकसान असतं, पण ते सातबाऱ्यावर नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री गळतात आणि कोरकू कुटुंबं पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल कोरड्या जमिनीवर पडलं तर वेचायचं, वाळवायचं. गारा आणि पावसाच्या चिखलात पडलं तर काळं पडतं, आंबतं. आंब्याचा मोहोर झडतो, चारोळीचा बार जातो. एप्रिलअखेर तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. कोवळं, नितळ, बिनभोकाचं पान हाच त्याचा माल. आधीच्या आठवड्यात गार पडली असेल तर झाडावर पानं असूनही पुडका भरत नाही. शासनाच्या मदतीचं गणित पेरलेल्या क्षेत्राच्या हेक्टरवर चालतं. जंगलातल्या झाडाखालून गोळा होणाऱ्या मोहाचं क्षेत्र कोण आणि कसं मोजणार?

फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट महाराष्ट्रानं विसरू नये अशी होती. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून पडत राहिली. गार सहसा एका दुपारचा पाहुणा. ही जवळपास तीन आठवडे मुक्कामाला होती. तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तिनं गाठलं. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र, कोणी सुटलं नाही. त्यातच ५ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. मदत जाहीर करायला निवडणूक आयोगाकडे परवानगी मागावी लागली. अखेर कोरडवाहूला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागांना २५,००० असे दर ठरले. पुढच्या वर्षी, २०१५च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, देशातल्या मोठ्या पट्ट्यात पुन्हा अवकाळी आणि गारा झाल्या, तेव्हा केंद्रानं एक महत्त्वाची अट सैल केली. त्याआधी निम्मं पीक गेल्याशिवाय मदत मिळत नसे. ती मर्यादा ३३ टक्क्यांवर आली. ११ ते १३ फेब्रुवारी २०१८ला विदर्भ-मराठवाडा पुन्हा झोडपला गेला. २०२३च्या मार्चमध्ये आणखी एकदा.

त्या २०२३च्या गारपिटीत एक विचित्र योग होता. जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप १४ ते २० मार्च चालला, आणि गारा नेमक्या त्याच आठवड्यात पडल्या. पंचनामे करायचे तलाठी आणि कृषी सहायकच संपावर. संपाची मागणी रास्त की अरास्त हा वेगळा वाद. पण गार काही कोणाच्या हजेरीपटासाठी थांबत नाही. तासाभरात तिचं पाणी होतं, चार दिवसांत आडव्या गव्हावर गुरं सोडावी लागतात, आठवड्यानं बागेतला सडा उचलून बांधावर टाकावा लागतो, नाही तर रोग पसरतो. पंचनाम्याला उशीर झाला की शेतकऱ्यापुढे पेच पडतो : पुरावा राखू, की शेत राखू? बहुतेक जण घमेल्यात गारा भरून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढून ठेवतात.

महाराष्ट्रात २०२५च्या बदलापर्यंत पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ धरली जाई आणि ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागे. सोंगून वावरात वाळत टाकलेल्या पिकालाही चौदा दिवसांपर्यंत संरक्षण होतं, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसे. ७२ तास ऐकायला भरपूर वाटत. पण वादळानं विजेचे खांब पडलेले, मोबाइलचा टॉवर बंद, टोल फ्री क्रमांक व्यस्त, ॲप सर्व्हे नंबर स्वीकारत नाही, असे तीन दिवस कुठे जात ते कळत नसे.

खरी गोम आणखी पुढे आहे. संत्र्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. कमी पाऊस, जास्त तापमान, अवेळी पाऊस यांची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांवर केंद्रं उभी राहिली. ती तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजतात. गार मोजत नाहीत. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पडलेली गार एक तर उसळून बाहेर जाते, किंवा आत बसून सावकाश वितळते आणि यंत्र ऊन पडल्यावर ‘पाऊस’ नोंदवतं. म्हणून गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि नुकसान ठरवायला माणूसच बागेत यावा लागतो. शिवाय गारेची पट्टी अरुंद असते. रस्त्याच्या या बाजूची बाग उघडी पडते, त्या बाजूला पानही हललेलं नसतं. मंडळात एक यंत्र ठेवून ती कशी सापडणार?

यावर उपाय अगदी स्वस्त आहे, हे ऐकून नवल वाटेल. युरोप-अमेरिकेत स्वयंसेवक थर्मोकोलसारख्या फोमच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमची पन्नी गुंडाळून तो अंगणात खांबावर ठेवतात. गारा पडल्या की पन्नीवर खळगे उमटतात. त्यांच्या संख्येवरून आणि मापावरून गारेचा आकार आणि मारा दोन्ही काढता येतात. गार वितळली तरी खळगा राहतो. फ्रान्समध्ये अशा पाट्यांचं जाळं अनेक दशकं चालू आहे. वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या गच्चीवर अशी एक पाटी ठेवली आणि मुख्याध्यापकांनी तारीख टाकून ती सांभाळली, तर पंचनाम्याचे निम्मे वाद संपतील. अडचण पैशाची नाही, ती पाटी ग्राह्य धरण्याची आहे.

माणसांचे जीव जातात ते बहुतेकदा गारेनं नव्हे, तिच्यासोबतच्या वाऱ्यानं आणि विजेनं. ९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. बाळापूर तालुक्यातल्या पारस इथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला तशी माणसं टिनाच्या शेडखाली गेली. शेजारचा मोठा कडुनिंब त्या शेडवर कोसळला आणि सात जण गेले, अनेक जखमी झाले. कडुनिंबाची सावली आणि टिनाचं शेड या वऱ्हाडातल्या सर्वांत ओळखीच्या आसऱ्याच्या जागा. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र पुढच्या तीन तासांचे इशारेही देतं. पण इशारा जिल्ह्याचा असतो आणि गार पाच किलोमीटरच्या पट्टीत पडते. सलग तीन वेळा इशारा आला आणि आपल्या गावात थेंब पडला नाही, की चौथ्या वेळी माणूस फोन उलथा ठेवतो.

त्याच माणसाला अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी बुलडाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी काय सांगते याची मात्र उत्सुकता असते. वावरात आखलेल्या घटात अठरा धान्यं, मध्ये मातीची ढेकळं, घागर, त्यावर पापड, कुरडई. रात्रीतून काय हललं त्यावरून पावसाचं आणि पिकांचं भाकीत. त्याला शास्त्रीय आधार नाही, अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं ते वेळोवेळी सांगितलेलंही आहे. तरी पहाटे तिथे गर्दी असते आणि दुपारपर्यंत भाकीत वऱ्हाडभर पोचलेलं असतं. हवामान खात्याच्या सुटसुटीत पत्रकाला असा प्रवास अजून जमलेला नाही.

बचाव म्हणून हिमाचलात सफरचंदावर जाळ्या टाकतात, त्यांना सरकारी अनुदानही मिळतं. ढगावर धमाके करणाऱ्या गारविरोधी तोफाही तिथे बसवल्या, पण त्यांनी गार थांबते याचा खात्रीशीर पुरावा शास्त्रज्ञांना मिळालेला नाही. द्राक्षाच्या मांडवावर जाळी टाकता येते. संत्र्याचं झाड पंधरा-अठरा फूट जातं, सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं. एवढ्या उंचीचा सांगाडा उभारून जाळी ताणायचा खर्च सामान्य बागायतदाराच्या आवाक्यातला नाही.

त्यामुळे जे बदललं ते हरभऱ्यात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं यंत्रानं काढता येईल असा, उंच वाढून घाटे वर धरणारा ‘पीडीकेव्ही कनक’ हा वाण दिला. जुन्या बुटक्या हरभऱ्याला हार्वेस्टर लावला तर खालचे घाटे वावरातच राहत. हातानं सोंगणी, मग सुडी, मग मळणी यंत्राची वाट, या क्रमात पीक आठ-दहा दिवस आभाळाखाली पडून असे. हार्वेस्टरला एकराला तास-दीड तास पुरतो. पंजाब-हरियाणाच्या पाट्या लावलेली यंत्रं आता फेब्रुवारीतच अकोटच्या आणि दर्यापूरच्या रस्त्यांवर दिसतात. आभाळात ढग दिसले आणि हवामान खात्याचा इशारा आला की त्यांचा एकरी भाव दुपारपर्यंत चढलेला असतो, आणि तरीही नंबर लागत नाही. मजूर बायकांची सोंगणीची हजेरी मात्र त्या दिवसांत गेली ती गेलीच.